छपाईला फाईल देताय? आधी वेलांट्या बघा

प्रश्न : भावाच्या लग्नाची पत्रिका मीच घरी फोटोशॉपमध्ये बनवली, ५ × ७ इंच. प्रेसवाल्यांनी फाईल परत पाठवली, म्हणाले ब्लीड नाहीये, कलर आरजीबी आहे आणि मॅटर कर्व्ह करून आणा. वर ‘आशीर्वाद’मधला रफारच नीट येत नाहीये, र पाय मोडून वेगळा पडतो. काय करू?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, सगळ्यात आधी रफाराचंच बघू, कारण बाकीच्या गोष्टी प्रेसवाला एकवेळ सांभाळून घेईल पण तुटलेलं मराठी अक्षर बऱ्याचदा कुणाच्या लक्षातच येत नाही आणि तसंच छापून घरोघरी जातं, मला ते बघून खरंच वाईट वाटतं. फॉन्ट युनिकोड (मोबाईलवर मराठी टाइप करतो तसा) असेल तर चूक फॉन्टची नाही, सॉफ्टवेअरला देवनागरी कशी जोडायची ते सांगितलेलं नाही एवढंच. फोटोशॉप २०२२च्या आधीचं असेल तर त्याच्या प्रेफरन्सेसमध्ये टाइप म्हणून भाग आहे, तिथे वर्ल्ड-रेडी लेआउट निवडा, फोटोशॉप बंद करून परत उघडा आणि नवा टेक्स्ट लेयर घेऊन टाइप करून बघा. इनडिझाइन वापरणाऱ्यांनी पॅरेग्राफ पॅनेलच्या मेनूत वर्ल्ड-रेडी पॅरेग्राफ कंपोझर निवडायचा. पण माझं ऐकाल तर फोटोशॉपमध्ये फक्त फोटो आणि बॅकग्राउंड ठेवा, मॅटर कोरल किंवा इलस्ट्रेटरमध्ये लावा, बारीक अक्षरांची कड तिथे स्वच्छ येते.

मग कर्व्ह. कर्व्ह केलं की अक्षर हे अक्षर राहत नाही, त्याचा आकार होतो, त्यामुळे प्रेसच्या मशीनवर तुमचा फॉन्ट नसला तरी काही बिघडत नाही. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टला तर हे पाहिजेच, नाहीतर समोरच्याकडे मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा नुसता खिचडा दिसतो. कोरलमध्ये कंट्रोल क्यू, इलस्ट्रेटरमध्ये कंट्रोल शिफ्ट ओ. त्याआधी एडिट होणारी कॉपी वेगळ्या नावाने सेव्ह करा, मामांचं नाव राहिलंय असा फोन शेवटच्या दिवशी येतोच! कर्व्ह झाल्यावर फाईल ४०० टक्के मोठी करून एकेक ओळ वाचा: ‘चि.’ची वेलांटी च च्या आधी आहे ना, ‘श्री’ एकसंध आहे ना, रफार व वर बसलाय ना. हे वाचन घरातल्या दुसऱ्या कुणाकडून पण करून घ्या.

ब्लीड म्हणजे कापायच्या रेषेबाहेर चारी बाजूंनी ३ मिमी जास्तीचं बॅकग्राउंड. कटिंग मशीनवर कागदांचा गठ्ठा एकदम कापतात, तो जरासा सरकतोच, आणि ब्लीड नसेल तर कडेला पांढरी रेघ येते. तुमची पत्रिका १२७ × १७८ मिमी, म्हणजे फाईल १३३ × १८४ची करा. बॅकग्राउंड नुसतं ताणू नका, खरंच बाहेरपर्यंत न्या, आणि मॅटर कापायच्या रेषेपासून ५ मिमी तरी आत ठेवा.

कलर आरजीबीतून, म्हणजे स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्यातून, सीएमवायके, म्हणजे छपाईच्या निळसर, गुलाबी, पिवळ्या आणि काळ्या अशा चार शाईंत करताना काळ्या अक्षरांकडे बघा. आरजीबीतला काळा फोटोशॉपने बदलला की बऱ्याचदा सी ७५, एम ६८, वाय ६७, के ९० असा चार शाईंचा काळा होतो, आणि छापताना एका शाईची प्लेट केसभर जरी हलली तरी बारीक अक्षराला रंगीत सावली येते. मॅटरचा काळा फक्त के १००, बाकी तिन्ही शून्य.

फोटो ३०० डीपीआयचा (इंचाला ३०० ठिपके) हवा म्हणजे ७ इंचाच्या बाजूला २१०० पिक्सेल. व्हॉट्सअपवर साधा पाठवलेला फोटो दाबून लहान होतो, म्हणून डॉक्युमेंट म्हणून मागवा. आणि ७२चा आकडा खोडून ३०० टाकला की फोटो सुधारतो असं नाही हं, नसलेले पिक्सेल कुठून येणार!

प्रश्न : आमच्या मंडळाच्या बॅनरचा भगवा स्क्रीनवर झळकतो, कागदावर मळकट येतो. प्रेसची चूक आहे का?
– एक कार्यकर्ता, सातारा

उत्तर : बहुतेक नाही. स्क्रीन प्रकाशाने रंग दाखवते, तेवढा झगझगीत केशरी, पोपटी किंवा निळा चार शाईंत बसतच नाही. भगव्यासाठी सी आणि के शून्य ठेवा, वाय १००, एम ६०च्या आसपास. थोडा जरी सी मिसळला तरी रंग मळतो. तुमच्या फाईलमध्ये तो आपोआप आलाय का तेवढं बघा.

प्रश्न : स्मरणिका ५० पानांची झालीये, प्रेस ५२ करा म्हणतंय. का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : मध्ये पिना मारायच्या असतील तर पानं ४च्या पटीतच लागतात, एक कागद मधोमध दुमडला की ४ पानं होतात. २ पानं वाढवून फोटो किंवा जाहिराती घ्या, आणि पीडीएफमध्ये पानं १, २, ३ अशी सरळ क्रमानेच द्या, जोड्या प्रेसवाले लावतात.