हॅलोविनचा खाऊ : आधी पाकीट वाचा
३१ ऑक्टोबरला सोसायटीतली मुलं खाऊ मागत दारोदार फिरणार असतील आणि तुम्ही शाकाहारी असाल, तर आधी मार्शमेलो आणि गमी तपासा. त्यात बहुधा जिलेटिन असतं, म्हणजे जनावरांच्या हाडाकातड्याचं. लाल रंगापुढे ई१२० दिसलं तर तो किड्यांपासूनचा. परदेशी पाकिटावर हिरवा ठिपका असेलच असं नाही. आणि दूधही टाळत असाल तर ठिपक्यावर विसंबू नका, दुधाच्या चॉकलेटवरही तो असतोच. पेक्टिनची (फळांपासून मिळणाऱ्या घट्टकाची) जेली, चिक्की खुशाल द्या.

भोपळा मात्र बडोद्याच्या खंडेराव मार्केटातून अख्खा आणा. डोळे-दात तुम्हीच कोरा, गर मुलांना खरवडू द्या (पसारा होणारच). तो किसून गुळात शिजवा, कणीक घालून तेलात घारगे तळा. आमच्याकडे चॉकलेटांआधी तेच संपतात.