मानसशास्त्रात पीएचडी आहे. अमेरिकेत सरकारी धोरणाच्या फेलोशिपसाठी अर्ज करताना काय पाहावं?

आधी ठरवा: काँग्रेस (अमेरिकेची संसद) की सरकारी खातं? अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने १९७४ मध्ये सुरू केलेली फेलोशिप काँग्रेससाठी. तिथे वर्षभर सदस्याच्या किंवा समितीच्या कार्यालयात विधेयकाचे मसुदे, सुनावणीचे प्रश्न, टिपणं अशी कामं असतात. यंदाची जाहिरात निघाली आहे का, ते आधी बघा. खात्यात जायचं असेल तर एएएएस या अमेरिकन विज्ञान संघटनेची (१९७३ पासूनची) योजना; तिला अमेरिकन नागरिकत्व लागतं आणि सध्याचे केंद्रीय कर्मचारी अर्ज करू शकत नाहीत. म्हणजे आधीच केंद्रीय नोकरीत असाल तर हा रस्ता बंद.

अर्ज बहुधा टिपणात, म्हणजे धोरणावर शिफारस करणाऱ्या छोट्या मजकुरात फसतो. आपण सवयीने नमुना, पद्धत, निष्कर्ष, मर्यादा या क्रमाने लिहितो. वाचणाऱ्याकडे दोन मिनिटं असतात. पहिल्याच ओळीत ‘या कलमाला पाठिंबा द्यावा, कारण...’ असं हवं. मग खर्च, मग विरोधक काय म्हणतील. पुरावा शेवटी, दोन वाक्यांत. ‘अधिक संशोधनाची गरज आहे’ हे वाक्य तर खोडाच.

आणि निवड झाली म्हणजे खुर्ची मिळाली असं नाही. काँग्रेसमध्ये प्रशिक्षणानंतर कार्यालयं तुम्हालाच गाठावी लागतात, तिथे पुन्हा मुलाखती. तुमचा प्रबंध तिथे कुणी विचारत नाही. आज आलेल्या विषयावर संध्याकाळपर्यंत पानभर लिहाल का, एवढंच बघतात.