ऑनलाइन बुद्धिबळात पोझिशन हरलेली असताना समोरच्याचा टाइम संपवून जिंकणं चीटिंग आहे का?

अजिबात नाही. ३+० निवडलं म्हणजे प्रत्येकाने आपल्या सगळ्या चाली तीन मिनिटांत करायच्या, जादा वेळ शून्य, हे दोघांनीही मान्य केलेलं असतं, मग समोरच्याकडे एक वजीर जास्त असून मात द्यायला वेळ उरला नाही तर तो त्याचा प्रॉब्लेम, त्याने आधी घोडा कुठे ठेवू यावर चाळीस सेकंद घालवलेच ना. आणि ऑनलाइन तुम्ही काही क्लेमही करत नाही, सर्व्हरच फ्लॅग पाडतो, म्हणजे टाइम संपला की गेम थांबवतो. फक्त तुमच्याकडे नुसता राजा उरला असेल तर त्याचा टाइम संपला तरी ड्रॉच होतो, एक प्यादं जरी शिल्लक असेल तरी जिंकता, म्हणून लोक ते शेवटचं प्यादं जिवापाड जपतात.

खरा एटिकेटचा प्रश्न येतो तो समोरचा मध्येच गायब झाला की. लिचेस या बुद्धिबळाच्या साइटवर थोडा वेळ थांबल्यावर विजय घ्या, ड्रॉ द्या किंवा वाट बघा असे ऑप्शन येतात. हरत असताना पळालेला असेल तर बिनधास्त विजय घ्या. पण तो जिंकत होता आणि नेट गेल्यासारखं वाटतंय, तर मी थोडं थांबतो, रेटिंगचे आठ-दहा पॉइंट काय, उद्या परत येतील. तिथे समोरच्याला १५ सेकंद जास्त द्यायचं बटणही आहे, मित्रासोबत कॅज्युअल खेळताना वापरा.

मला खटकतं ते एकच, हत्ती विरुद्ध हत्ती अशा साफ ड्रॉ पोझिशनमध्ये ड्रॉ नाकारून फक्त टाइम संपवायला पन्नास चाली हत्ती इकडून तिकडे फिरवणं आणि वर चॅटमध्ये 'ईझी' लिहिणं. नियमात बसतं हो, पण... असली कटकट नको असेल तर सरळ ३+२ खेळा, दर चालीला दोन सेकंद वाढून मिळतात.