रोज बायबल मोठ्याने वाचायची सवय कशी लावावी? मनात वाचलं तर चालत नाही का?

चालतं की. पण मोठ्याने वाचताना डोळे पुढे पळत नाहीत, हा माझा रोजचा अनुभव. नाशिकला शरणपूरच्या आमच्या घरी आजी पहाटे चहाच्या आधी बायबलमधली स्तोत्रसंहिता वाचायची. ओळीखालून बोट फिरायचं, आणि एखाद्या शब्दाशी ती थांबली की आम्ही पोरं अंथरुणातच जागी व्हायचो. तिचा तो थांबा मला अजून ऐकू येतो.

जुन्या काळी वाचन असंच असे. बायबलमधलं ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक, अध्याय 8 बघा: रथातला अधिकारी यशया संदेष्ट्याचं पुस्तक वाचतोय आणि येशूचा अनुयायी फिलिप्प याला ते ऐकू येतं! पहिल्या स्तोत्रात ‘मनन’ म्हटलंय, तिथल्या मूळ हिब्रू शब्दातही पुटपुटणं आहे.

सुरुवात बायबलमधल्या नीतिसूत्रांच्या पुस्तकापासून करा. त्यात 31 अध्याय आहेत, म्हणून जी तारीख तोच अध्याय. खूण ठेवायलाही नको. स्तोत्र 119 मात्र एका बैठकीत नको, 176 वचनं आहेत, रोज आठ-आठ घ्या. घरात कुणी झोपलेलं असेल तर हळू आवाजात वाचा. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन अध्याय उरकू नका, त्या दिवशीचाच वाचा.