लेकीचा लाल टी-शर्ट काळा का आला?

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तारकर्लीला गेलो होतो. मोबाइल वॉटरप्रूफ पाउचमध्ये घालून पाण्याखाली फोटो काढले. सगळे निळे आले. लेकीचा लाल टी-शर्ट तर काळपट दिसतो. मोबाइल बिघडला की माझं काही चुकलं? हे फोटो आता सुधारतील का?
— एक शिक्षिका, साकोली तालुका, जि. भंडारा

उत्तर : ताई, मोबाइल धडधाकट आहे. लाल रंग पाण्यानं खाल्ला.

माझा यावर विश्वास बसला तो आमच्या वावरातल्या विहिरीत. बांबूच्या चौकटीला एका टोकाला लाल दुपट्टा, दुसऱ्या टोकाला कॅमेरा बांधला, बांबू तरंगतो म्हणून खाली दगड अडकवला आणि दोरानं सोडला. शेजारचे धावत आले, विहिरीत कोण पडलं म्हणून! व्हिडिओत पाहिलं तर 5 फूट पाण्यात दुपट्टा विटकरी आणि 15 फुटांवर काळपट. विहिरीतला अंधारही त्याला कारण असेल म्हणा. पण दुसऱ्या खेपेला कॅमेऱ्याशेजारी टॉर्च बांधला, तर त्याच खोलीवर दुपट्टा लालभडक. रंग जागेवरच होता, त्याच्यापर्यंत लाल उजेडच पोहोचत नव्हता.

स्वच्छ समुद्रातही साधारण 5 मीटर पाण्यात बहुतेक लाल उजेड शोषला जातो. मग नारिंगी, मग पिवळा. निळा सर्वांत खोल जातो. यात एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. मासा 3 मीटर खोल आणि तुम्ही त्याच्यापासून 2 मीटर लांब असाल, तर उजेडाला 5 मीटर पाणी कापावं लागतं. म्हणून झूम करू नका, जवळ जा. हातभर अंतरावरून काढलेला साधा फोटो लांबून काढलेल्या महागड्या फोटोला मागे टाकतो. सूर्य डोक्यावर असताना, म्हणजे 10 ते 2 च्या दरम्यान, आणि तो पाठीमागे ठेवून काढा.

मोबाइलच्या कॅमेरा ॲपमध्ये प्रो मोड (सगळी सेटिंग हातानं करायची सोय) असेल तर रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेला मूळ फोटो, ठेवा, नंतर रंग फिरवायला मोकळीक मिळते. व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरा कशाला म्हणायचं हे कॅमेऱ्याला सांगणारं सेटिंग, हातानं लावता येत असेल तर सोबत पांढरी प्लास्टिकची थाळी न्या, तिच्यावर कॅमेरा धरून लावा आणि खोली बदलली की पुन्हा लावा. पाण्यात टचस्क्रीन नीट चालत नाही, त्यामुळे सेटिंग वरच उरकून खाली आवाजाच्या बटणानं फोटो काढा.

दुकानदार लाल फिल्टर गळ्यात मारतील. समुद्रात, टॉर्च न लावता, काही मीटर खोलीवर तो कामाचा आहे. पण मी तोच फिल्टर हौसेनं आमच्या बोडीत, म्हणजे शेतातल्या लहान तळ्यात, वापरला आणि फोटो गढूळ तांबडे आले. आपल्या मामा (माजी मालगुजारी) तलावांचं नि बोड्यांचं पाणी शेवाळामुळं हिरवं असतं. तिथं गुलाबी-जांभळ्या छटेचा फिल्टर लागतो. टॉर्चही कॅमेऱ्याला चिकटवून धरू नका, बाजूनं धरा. नाहीतर पाण्यातला गाळ चमकून फोटोभर पांढरे ठिपके येतात.

आता तुमचे जुने फोटो. ज्या फोटोत लेक पाण्याच्या वरच्या थरात आहे, ते सुधारतील. एडिटिंग ॲपमध्ये टेम्परेचर पिवळ्याकडे, टिंट गुलाबीकडे थोडं थोडं सरकवा, नजर तिच्या दातांवर ठेवा. दात पांढरे दिसले की थांबा. नाहीतर चेहरा टमाट्यासारखा होतो. कॉम्प्युटर असेल तर एडिटिंग सॉफ्टवेअरच्या चॅनल मिक्सरमध्ये (लाल, हिरवा, निळा हे फोटोचे तीन रंग-थर एकमेकांत मिसळायची सोय) हिरव्या चॅनलचा थोडा भाग लाल चॅनलमध्ये मिसळा.

खोल पाण्यातल्या फोटोंत मात्र लाल उरलेलाच नाही. तिथं लाल ओढाल तर नुसते दाणे येतील. ते सरळ कृष्णधवल करा. काळा टी-शर्ट त्यात कुणाला खटकणार नाही, लेकीला सोडून.