आधी ब्लॉग, मग बाकी सगळं

प्रिय मुली,

परवा फोनवर तुझा आवाज रडवेला झाला होता, म्हणून तेव्हा फार बोलले नाही. आता सविस्तर लिहिते.

सांगोल्याच्या जनावरांच्या बाजारावरचा तुझा लेख कुणीतरी नाव काढून व्हॉट्सॲपवर सोडला. फिरत फिरत तो तुझ्याच मामांच्या ग्रुपवर आला, खाली 'लेखक अज्ञात'. 'हा माझा आहे' असं सांगायला गेलीस, तर मूळ पोस्टच सापडेना. फेसबुकवर टाकली होती की इन्स्टाग्रामवर, हेही आठवेना. आणि एवढं होऊनही तू मला विचारलंस काय, तर 'ताई, कुठल्या ॲपवर किती वाजता टाकायचं त्याचं वेळापत्रक करून द्याल का?'

वेळापत्रकाचं नंतर बघू. आधी ब्लॉग, मग बाकी सगळं. हे मी तुला गेल्या वर्षीही सांगितलं होतं, तेव्हा तू 'हो हो' म्हणालीस आणि फेसबुकच्या चौकटीतच थेट टाइप करत राहिलीस.

मला याचा एवढा राग का येतो, ते ऐक. फेसबुकच्या आधी ऑर्कुट नावाची तशीच एक साइट होती, तिथे आमचा एक समूह होता. बायका आपापल्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या तिथे लिहायच्या. एकीने पहिली ओळ दिली की दुसरी सांगायची, 'आमच्याकडे ही अशी म्हणतात.' पाठभेदांसकट सगळं जमत होतं. ३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुट बंद झालं. जूनअखेरीलाच तसं जाहीर झालं होतं, तीन महिने हातात होते. बसून जेवढं उतरवता आलं तेवढं उतरवलं, बाकीचं गेलं. लिहिणाऱ्यांपैकी काहीजणी आता नाहीत. त्या ओव्या मी कुणाला विचारू? पुढे गूगल प्लस २०१९ च्या एप्रिलमध्ये गेलं. टिकटॉकवर २९ जून २०२० ला आपल्याकडे बंदी आली आणि ज्या पोरांनी सगळं तिथेच मांडलं होतं ती एका रात्रीत रिकामी झाली. उद्या कशाची पाळी, ते तुलाही माहीत नाही आणि मलाही.

म्हणून लेख आधी ब्लॉगवर. तारीख पडू दे, पत्ता मिळू दे. मग ती लिंक घेऊन बाहेर जा. फेसबुकवर पहिले दोन परिच्छेद आणि लिंक. इन्स्टाग्रामच्या मजकुरात २,२०० अक्षरांपुढे जाता येत नाही आणि त्यात दिलेली लिंक दाबून उघडत नाही, म्हणून तिथे फोटो, चार ओळी आणि लिंक बायोमध्ये. व्हॉट्सॲपवर पाठवताना तुझं नाव आणि लिंक अगदी तळाशी टाकू नकोस. 'नावासह पाठवायला हरकत नाही' ही शेवटची ओळ लोक सगळ्यात आधी खोडतात. नाव दुसऱ्या परिच्छेदाच्या वाक्यातच गुंफ. काढायला गेलं तर वाक्य मोडलं पाहिजे.

आता नोंदवही. हे मी समोर बसवूनच शिकवायला हवं होतं, पण तू पुण्यात आणि मी इथे. साधी शीट कर. एका लेखाला एक ओळ: तारीख, मथळा, ब्लॉगची लिंक, कुठे कुठे पाठवला, कोणी काय दुरुस्ती सांगितली. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, आणि तोच सगळे वगळतात.

धान्यबाजारावरचा तुझा लेख आठव. त्याखाली एका आजोबांनी प्रतिक्रियेत मापांचं अख्खं कोष्टक लिहिलं होतं: दोन निळव्यांचं कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली, सोळा पायल्यांचा मण. वर हेही, की त्यांच्या गावी माप शिगेने, म्हणजे वर ढीग येईपर्यंत, भरायचे आणि व्यापारी मात्र हात फिरवून सपाट करायचा. कोष्टक पुस्तकात मिळेल. त्या व्यापाऱ्याचा हात पुस्तकात मिळणार नाही. तू त्याला लाल बदाम दिलास आणि पुढे गेलीस! ती प्रतिक्रिया आज कुठे आहे, सांग बरं मला. त्याच दिवशी त्यांची परवानगी घेऊन ती लेखाच्या तळाशी आणायला हवी होती. फेसबुकवरून तुझी माहिती उतरवून घेता येते, पण त्यात तुझं लिहिलेलं येतं. लोकांनी तुझ्या पोस्टखाली लिहिलेलं स्वतःच्या हाताने आणावं लागतं.

फोटोंचंही तेच. व्हॉट्सॲपवर गेलेला फोटो दाबून लहान केलेला असतो, तो मूळ म्हणून ठेवू नकोस. मूळ फाइल लॅपटॉपवर, नावात तारीख, गाव, विषय. नुसत्या आकड्यांच्या नावाचे शेकडो फोटो म्हणजे फोटो नसल्यातच जमा.

'ब्लॉग तरी कुणाच्या मालकीचा?' असं तू म्हणशील. बरोबर आहे. ब्लॉगर ही ब्लॉग चालवायची साइटही गूगलचीच. म्हणून महिन्यातून एकदा सेटिंग्जमध्ये जाऊन बॅकअप उतरवायचा आणि दोन ठिकाणी ठेवायचा. ब्लॉग वर्डप्रेसवर असेल तर तिथे त्यासाठी एक्स्पोर्ट आहे. दहा मिनिटांचं काम.

मला लोक हट्टी म्हणतात, ते माझ्या कानावर येतं. सगळे ब्लॉग सोडून फेसबुकवर गेले तेव्हा 'आता ब्लॉग वाचतंय कोण' हे मला भल्याभल्यांनी ऐकवलं. मी गेले नाही. वाचक कमी झाले, हे खरं आहे, आणि त्याचं वाईटही वाटलं. पण पैठणच्या यात्रेबद्दल कुणी विचारलं की मी अर्ध्या मिनिटात लेख काढून देते, आणि माझ्याबरोबर लिहिणारे, माझ्याहून कितीतरी चांगलं लिहिणारे, आपल्याच जुन्या पोस्ट शोधत बसलेले असतात. त्यांचं लेखन वाचलेली मी आहे, म्हणून मला ते जास्त लागतं. तुझ्या बाबतीत हे पुन्हा बघायची माझी तयारी नाही.

वेळापत्रक हवंच असेल तर हे घे: सकाळी लिहिताना ॲप बंद. संध्याकाळी अर्धा तास प्रतिक्रिया वाचायच्या, कामाच्या त्या शीटमध्ये उतरवायच्या. फेसबुक-इन्स्टाग्रामच्या पोस्ट मेटा बिझनेस सूटमध्ये आधीच वेळ लावून ठेवता येतात, फुकट. किती वाजता टाकलं की किती लाइक येतात, यावर माझं काही मत नाही आणि तुझंही नसावं.

या रविवारी दुसरं काही ठरवू नकोस. बाजारांवरचे सगळे लेख ब्लॉगवर चढव. तिथे मागची तारीख देता येते, ती दे, आणि खाली 'पूर्वप्रसिद्धी: फेसबुक, अमुक तारीख' असं प्रामाणिकपणे लिही. सांगोल्याचा लेख पहिला. त्या आजोबांना मेसेज करून कोष्टक पुन्हा माग, देतील ते. झालं की मला लिंक पाठव, स्क्रीनशॉट नको.

तुझी,
ताई