वाचकांचे प्रश्न : क्रिप्टो उद्योगातील नोकरी आणि टोकनमधला पगार

प्रश्न : मी २७ वर्षांचा असून महापे येथील एका सॉफ्टवेअर कंपनीत चार वर्षे जावा बॅकएंडचे काम करतो. परदेशातील एका क्रिप्टो कंपनीने मला घरून काम करण्याचा प्रस्ताव दिला आहे. मोबदला सध्याच्या पगाराच्या दीडपट आहे. मात्र त्यातला निम्मा कंपनीच्या स्वतःच्या टोकनमध्ये, म्हणजे तिने काढलेल्या डिजिटल नाण्यात, आणि उरलेला यूएसडीटी या डॉलरशी जोडलेल्या नाण्यात मिळेल. घराचा हप्ता माझ्याच पगारातून जातो आणि आई-वडिलांना हे धाडस वाटते. मी काय करावे? — एक वाचक, ऐरोली

उत्तर : आपल्या पत्रात दोन निर्णय एकमेकांत मिसळले आहेत. या उद्योगात काम करावे की नाही, हा एक निर्णय आहे आणि कामाचा मोबदला कोणत्या रूपात घ्यावा, हा दुसरा. पहिल्याला माझा पाठिंबा आहे, दुसऱ्याला अजिबात नाही.

आधी मोबदल्याचे पाहू, कारण हप्ता त्यातूनच जायचा आहे. टोकन हातात पडते त्या दिवशीच्या बाजारभावाने ते आपले उत्पन्न धरले जाते आणि त्यावर नेहमीच्या दराने प्राप्तिकर लागतो. पुढे ते विकताना नफा झाला तर त्यावर ३० टक्के कर आहे; तोटा झाला तर तो अन्य कोणत्याही उत्पन्नातून वजा करता येत नाही, अगदी दुसऱ्या टोकनच्या नफ्यातूनही नाही. समजा, आपल्याला एक लाखाचे टोकन मिळाले आणि कंपनीकडून ते विकण्याची मुभा मिळेपर्यंत त्याची किंमत चाळीस हजारांवर आली, तरी कर आपण एक लाखावर भरलेला असतो आणि साठ हजारांचा तोटा आपल्याच पदरात राहतो. हा नियम १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे आणि १ जुलै २०२२ पासून व्यवहारावर १ टक्का टीडीएसही कापला जातो. त्यानंतर भारतीय एक्सचेंजांवरील, म्हणजे क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या मंचांवरील, उलाढाल घसरली आणि काही एक्सचेंजांनी कर्मचारी कमी केले, हे या क्षेत्रात पाऊल टाकणाऱ्याने लक्षात ठेवायला हवे.

यूएसडीटीची किंमत डॉलरशी बांधलेली असल्यामुळे तो भाग सुरक्षित वाटतो, पण तिथे अडचण वेगळी आहे. परदेशी कंपनी आपल्याला कर्मचारी न मानता कंत्राटदार मानत असेल, तर आपले काम सेवेची निर्यात ठरते. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली की जीएसटीची नोंदणी करावी लागते, आणि निर्यातीला मिळणारी शून्य दराची सवलत हवी असेल तर मोबदला परिवर्तनीय परकीय चलनात किंवा रिझर्व्ह बँकेने परवानगी दिलेल्या प्रकारे रुपयांत आलेला असावा लागतो. यूएसडीटी म्हणजे परकीय चलन नव्हे. शिवाय कंत्राटदाराला भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी नसते. त्यामुळे दीडपट दिसणारा आकडा प्रत्यक्षात तितका मोठा राहत नाही. म्हणून कंपनीला स्पष्ट लिहा की संपूर्ण मोबदला बँकेमार्फत हवा आणि टोकन द्यायचेच असतील तर ते त्याशिवाय द्यावेत. हे मान्य न करणाऱ्या कंपनीत जाऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

आता कामाविषयी. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की इथे सगळे काही ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक संगणकांवर एकाच वेळी जपलेल्या सामायिक नोंदवहीवर, चालते. प्रत्यक्षात एक्सचेंजवरील खरेदी-विक्रीच्या ऑर्डर जुळवणारी यंत्रणा साध्या सर्व्हरवरच असते आणि आपल्या खात्यात दिसणारी शिल्लक ही एक्सचेंजच्या स्वतःच्या डेटाबेसमधली नोंद असते. नाणे आत येताना किंवा बाहेर जाताना तेवढा ब्लॉकचेनशी संबंध येतो. त्यामुळे जावा, डेटाबेस आणि जास्त भार पेलणाऱ्या प्रणालींचा आपला अनुभव आहे तसाच उपयोगी पडेल, आणि हा उद्योग मंदावला तरी तेच कौशल्य बँकेत किंवा पेमेंट कंपनीत चालेल.

सॉलिडिटी ही ब्लॉकचेनवरील प्रोग्रॅम लिहिण्याची भाषा शिकायची इच्छा असेल तर अवश्य शिका. मात्र वाक्यरचनेइतकाच वेळ जुन्या चुका वाचण्यात घालवा. जून २०१६ मध्ये इथेरियम या ब्लॉकचेनवरील ‘द डाओ’ या सामूहिक गुंतवणूक निधीतून सुमारे ३६ लाख ईथर, म्हणजे तिथली नाणी, काढून घेतली गेली. त्या प्रोग्रॅममध्ये रक्कम आधी दिली जात असे आणि शिल्लक नंतर कमी होत असे. रोखपालाने पैसे हातात ठेवावेत आणि खातेवहीत नोंद होण्याआधीच त्याच माणसाला पुन्हा रांगेत उभे राहू द्यावे, तसा तो प्रकार होता. आपण बँकेचे सॉफ्टवेअर लिहिले असेल तर व्यवहाराचा क्रम का महत्त्वाचा असतो हे आपल्याला वेगळे सांगायला नको. असे प्रोग्रॅम तपासणारा ऑडिटर होण्याची खरी पूर्वतयारी तीच आहे.

आणखी एक गोष्ट मला काळजीने सांगावीशी वाटते. या क्षेत्रातील उमेदवारांना मुलाखतीच्या नावाखाली ‘चाचणीचा कोड’ पाठवून त्यातून संगणकात शिरकाव करण्याचे प्रकार सर्रास घडतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट या एक्सचेंजमधून सुमारे दीड अब्ज डॉलरचे ईथर चोरीला गेले, तेव्हा चोरांनी वाट काढली होती ती वॉलेटचे, म्हणजे नाणी सांभाळण्याचे, सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका डेव्हलपरच्या संगणकातून. कंपनीच्या लॅपटॉपवर अशी चाचणी कधीही चालवू नका.

प्रश्न : ऐरोलीतील एका बँकेच्या बॅक ऑफिसमध्ये मी सहा वर्षे केवायसीचे काम केले. मुलीच्या जन्मानंतर तीन वर्षे घरी आहे. मला प्रोग्रॅमिंग येत नाही. तरी या क्षेत्रात जागा आहे का? — एक वाचक, वाशी

उत्तर : ताई, आहे, आणि माझ्या मते आपली जागा पहिल्या पत्रलेखकापेक्षा अधिक स्थिर आहे. ७ मार्च २०२३ च्या अधिसूचनेने क्रिप्टो सेवा देणाऱ्या कंपन्या मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत आल्या. त्यांना केंद्राच्या एफआययू या आर्थिक गुप्तवार्ता यंत्रणेकडे नोंदणी करावी लागते, ग्राहकांची ओळख पटवावी लागते आणि संशयास्पद व्यवहार कळवावे लागतात. जून २०२४ मध्ये बायनान्स या परदेशी एक्सचेंजला १८ कोटी ८२ लाख रुपयांचा दंड झाला, तो याच जबाबदाऱ्यांच्या संदर्भात. बाजार चढो की पडो, हे काम करणारी माणसे कंपनीला ठेवावीच लागतात.

आपल्याला नवे शिकायचे आहे ते एवढेच की पैशाचा माग वॉलेटच्या पत्त्यांवरून कसा काढायचा. इथेरियम आणि ट्रॉन या ब्लॉकचेनवरील व्यवहार दाखवणारी इथरस्कॅन आणि ट्रॉनस्कॅन ही संकेतस्थळे विनामूल्य आहेत. यूएसडीटीची मोठी उलाढाल ट्रॉनवर होत असल्यामुळे दुसरे विशेष पाहावे. जाहीर झालेल्या एखाद्या चोरीतील पत्ता घेऊन रक्कम कुठे फुटली आणि कोणत्या एक्सचेंजपर्यंत पोहोचली, याचे दोन पानी टिपण तयार करा व अर्जासोबत जोडा. तीन वर्षांच्या खंडाबद्दल विचारणाऱ्याला ते टिपण दाखवता येईल.

प्रश्न : ठाण्यातील एक संस्था माझ्या मुलाला चाळीस हजार रुपयांत क्रिप्टोचा अभ्यासक्रम आणि नोकरीची हमी देते. आणखी दोन विद्यार्थी आणल्यास शुल्क परत मिळेल, असेही सांगते. पहिला हप्ता भरला आहे. — एक पालक, वर्तकनगर

उत्तर : उरलेले पैसे भरू नका. माणसे आणण्यावर परतावा अवलंबून असेल तर तिथे विकले जाते ते शिक्षण नसते. पुण्यात जिचे गुन्हे नोंदले गेले त्या गेनबिटकॉइन या बिटकॉइन गुंतवणुकीच्या योजनेतही दरमहा १० टक्के परताव्याच्या आश्वासनामागे अशीच साखळी होती. संस्थेकडे शुल्क लेखी स्वरूपात परत मागा; पावती आणि मोबाइलवरील संदेश जपून ठेवा. टाळाटाळ झाली तर जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार द्या, आणि पैसे ऑनलाइन गेले असतील तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर आजच कळवा.